औषधाचं अर्धं नाव

वैशाखातली दुपार होती. बडोद्याच्या दांडिया बाजारात अशा वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. शेजारच्या वाड्यातल्या काकूंचा मुलगा हातात आईसबॉक्स घेऊनच दुकानाची पायरी चढला, कारण मागच्या खेपेला मी त्याला तसं बजावून सांगितलं होतं. काकूंना अंडाशयाचा कॅन्सर. केमोची दुसरी सायकल दुसऱ्या दिवशी सकाळी होती. त्याने चिठ्ठी काउंटरवर ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं: इंजेक्शन डॉक्सोरुबिसिन, ६० मिलिग्रॅम. बास, एवढंच.

मी फाईल मागितली. पहिल्या सायकलचं बिल माझ्याच दुकानाचं होतं आणि त्यावर औषधाचं नाव होतं ‘पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन’. या वेळी मोठे डॉक्टर परगावी गेलेले, ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी जुन्या कागदावरून नाव उतरवून घेतलं आणि सुरुवातीचे दोन शब्द गळाले. मुलाच्या हातात पैसे मोजून तयार होते. साधं डॉक्सोरुबिसिन दिलं असतं तर बिल हजारांवरून शेकड्यांवर आलं असतं आणि त्याला कदाचित आनंदच झाला असता. मी हॉस्पिटलला फोन लावला. अर्धा तास हा फोन त्या टेबलावर, तो त्या टेबलावर असं करत शेवटी मोठे डॉक्टर मोबाईलवर सापडले. “अहो, लायपोसोमलच द्यायचंय. त्यांचं हृदय आधीच कमजोर आहे, इको बघा ना,” ते म्हणाले. मग नवी चिठ्ठी आली.

तोवर मुलगा स्टुलावर बसून होता. तो म्हणाला, “काका, पण औषध तर एकच ना?”

तीस-बत्तीस वर्षं मी या काउंटरमागे उभा आहे. त्याला तेव्हा जे दोन मिनिटांत सांगितलं ते पुरेसं नव्हतं. आणि हा प्रश्न आता त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही.

मी त्याच्यासमोर दोन्ही वायल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या, ठेवल्या. साध्या औषधाची आणि लायपोसोमलची. दोन्हींवर १० मिलिलिटर, २० मिलिग्रॅम. दोन्ही फ्रिजमधल्या, दोन्ही लाल. उजेडाकडे धरल्या तेव्हा फरक दिसला: एकीतला लाल रंग सरबतासारखा स्वच्छ, दुसरीतला किंचित धुरकट, कोकमात थोडं दूध पडावं तसा. तो धुरकटपणा म्हणजेच नॅनोकण. औषधाचा रेणू दोन्हीकडे तोच आहे. तो कशात बसून येतो, एवढाच फरक. करंजीला सारण असतं तशी पारी असते. लायपोसोमला मेदाची पारी असते, आपल्या पेशींच्या आवरणात असतो तसल्याच मेदाची, दुपदरी, आणि सारण आत. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहममध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांना मेद पाण्यात मिसळल्यावर असे फुगे आपोआप तयार होताना दिसले. त्या फुग्यात औषध कोंबून, ते टिकवून, माणसाला देता यायला पुढची तीस वर्षं गेली. जेरुसलेमच्या बारेनहोल्झ आणि गाबिझोन यांच्या कामातून आलेलं डॉक्सिल, म्हणजे हेच पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. नॅनो-औषध म्हणून मान्यता मिळालेलं ते पहिलं. त्यातला कण सुमारे ८० ते ९० नॅनोमीटरचा असतो. आपल्या एका केसाच्या जाडीत तसे आठशे-हजार कण शेजारी शेजारी मावतील.

या आकाराला कारण आहे. निरोगी रक्तवाहिनीची भिंत घट्ट विणलेली असते, तिच्यातून एवढा कण सहसा बाहेर पडत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, ठिकठिकाणी फटी राहिलेल्या. तिथे कण झिरपतो आणि साठतो, हे जपानमध्ये हिरोशी माएदा आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८६ मध्ये मांडलं. साधं डॉक्सोरुबिसिन काही मिनिटांत रक्तातून सगळ्या अंगात पसरतं, हृदयाच्या स्नायूतही. तिथे ते इजा करतं, आणि ही इजा मात्रेमागून मात्रा साचत जाते. म्हणूनच जन्मभरात किती द्यायचं याला मर्यादा घालावी लागते. लायपोसोमल प्रकारावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा आणखी एक लेप असतो, त्यामुळे यकृतातल्या सफाई करणाऱ्या पेशींना तो चटकन ओळखू येत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला दोन दिवसांहून जास्त लागतात. हृदयाला इजा कमी होते ती यामुळे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नॅनो म्हटलं की ‘औषध थेट गाठीवर जाऊन बसतं’ असं लोक समजतात, आणि कित्येकदा त्यांना तसंच सांगितलेलंही असतं. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. शंभरातला एकही नाही. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहेत अडकतात. म्हणजे आज हातात असलेल्या लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचा मोठा गुण हा की ते शरीराला कमी पोळतं. हा गुण छोटा नाही. काकूंसाठी तोच सगळ्यात मोठा होता. पण जे आहे ते आहे तसं सांगावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

पारी बदलली की त्रासही बदलतो. साध्या औषधाने केस जातात, तोंड येतं. लायपोसोमलने केस बहुधा राहतात, पण तळहात-तळपाय लाल होतात, जळजळतात, कधी कातडी सोलवटते, कारण कण तिथल्या बारीक वाहिन्यांतून झिरपतात. पहिल्या सायकलनंतर काकूंचे तळहात असेच झाले होते. त्यांनी भांड्यांची पावडर बदलली, मग साबण बदलला, शेवटी सुनेला भांडी घासायला लावून स्वतः अपराधी चेहऱ्याने बसून राहिल्या. गरम पाणी टाळा, हात घट्ट चोळू नका, चपला सैल घाला, सूज आली तर लगेच कळवा, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना देण्यात आलेला छापील कागद साध्या डॉक्सोरुबिसिनचा होता, आणि तोही इंग्रजीत. त्यात केसांबद्दल पुष्कळ होतं, हातांबद्दल काही नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. अशा औषधांत पारी हाही औषधाचाच भाग आहे, तेव्हा चिठ्ठीवर, डबीवर, बिलावर आणि रुग्णाच्या हातातल्या कागदावर ती ठळक लिहिली गेलीच पाहिजे. ती गाळली तर नाव अर्धं राहतं, आणि अर्ध्या नावावर औषध देणं हा जिवाशी खेळ आहे.

हे वाक्य मी जपून लिहितोय. डॉक्सोरुबिसिनमध्ये चूक झाली तर तिचं नुकसान हळूहळू दिसतं. अ‍ॅम्फोटेरिसिन-बीमध्ये चूक झाली तर काही तासांत. बुरशीवरच्या या औषधाचा लायपोसोमल प्रकार किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम देतात. साध्या प्रकाराची दिवसाची कमाल मर्यादा किलोमागे दीड मिलिग्रॅम. लायपोसोमलच्या जागी, त्याच्या मात्रेत, साधं गेलं तर हृदय आणि श्वास बंद पडू शकतो. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये याच अदलाबदलीत दोन रुग्ण दगावले आणि तिथल्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने त्याच वर्षी सगळ्या रुग्णालयांना इशारा पाठवला. ही चूक होते ती हलगर्जी माणसांच्याच हातून, असं समजू नका. रात्रपाळीत दमलेल्या, शहाण्या, काळजीवाहू माणसाच्या हातूनही होते, कारण कपाटात नाव एकच असतं. आणि इथे तर रंगही मदतीला येत नाही, कारण दोन्ही पिवळीच भुकटी.

बडोद्याने हे नाव २०२१ च्या मे महिन्यात घरोघरी ऐकलं. कोविडमधून उठलेल्या माणसांना काळी बुरशी होऊ लागली, गुजरातने तो साथीचा रोग जाहीर केला, आणि ‘अ‍ॅम्फो’साठी लोक रात्री-अपरात्री फोन करू लागले. माझ्याकडे एकही वायल नव्हती. साठ किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा वायल, आणि तेही कित्येक आठवडे. आजही त्या हिशेबाने पोटात गोळा येतो. पण त्या दिवसांत मला सगळ्यात भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. बाजारात साधं अ‍ॅम्फोटेरिसिन होतं, लिपिड कॉम्प्लेक्स होतं, इमल्शन होतं आणि लायपोसोमल होतं. चारही वेगळी, मात्रा वेगळ्या, तयार करायची रीत वेगळी. लोकांच्या हातातल्या कागदावर मात्र बहुधा ‘अ‍ॅम्फोटेरिसिन ५० मिलिग्रॅम’ एवढंच असे. लायपोसोमल वायल डेक्स्ट्रोजमध्येच पातळ करायची असते, सलाईनमध्ये घातली तर कण गोळा होऊन बसतात. धावपळीत नेमक्या याच गोष्टी सुटतात.

आणि हे कण श्रीमंतांचे चोचले आहेत असं कोणी म्हणू लागलं तर मी त्याला बिहारमधलं उदाहरण सांगतो. काळा आजार हा वाळूमाशी चावून होणारा, गरिबांचा रोग. जुन्या रीतीने साधं अ‍ॅम्फोटेरिसिन एक दिवसाआड, पंधरा वेळा, २९ दिवस रुग्णालयात राहून घ्यावं लागे. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी मुजफ्फरपूरमध्ये लायपोसोमलचा एकच डोस, किलोमागे १० मिलिग्रॅम, देऊन पाहिला आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले: सहा महिन्यांनंतर बरे झालेले सुमारे ९६ टक्के, जुन्या रीतीइतकेच. २०१४ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाने ही एका डोसची पद्धत घेतली. ज्याची मजुरी बुडते, ज्याची म्हैस शेजाऱ्याच्या भरवशावर असते, त्या माणसाचा एक महिना या मेदाच्या फुग्याने परत दिला. आपल्याकडचं कौशल्यही कमी नाही. मुंबईत केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी १९९० च्या दशकातच लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन विकसित करून पेटंट घेतलं होतं.

मग बडोद्याने या बाबतीत गप्प का बसावं? या गावाचा औषधांशी संबंध कालचा नाही. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय काढलं. तिथल्या प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रेरणेने कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये अ‍ॅलेंबिक ही औषध कंपनी उभी केली. पुढे साराभाई केमिकल्स आलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फार्मसी विभागात नव्या औषध-वहन पद्धतींसाठी, म्हणजे औषध शरीरात नेण्याच्या नव्या रीतींसाठी, टायफॅक या केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र झालं. कितीतरी मुलामुलींनी तिथे लायपोसोम तयार करून, मोजून, तपासून पदव्या घेतल्या, आज ती देशभरच्या प्रयोगशाळांत आहेत. आणि २०१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने तात्पुरतं आयात करू दिलं ते सन फार्माचं लिपोडॉक्स. त्याच्या लेबलवर पत्ता होता हालोल-बडोदा हायवे. म्हणजे ओहायोतल्या बाईच्या शिरेत गेलेला फुगा आपल्या गावाच्या वेशीवर भरला गेला होता, आणि दांडिया बाजारातल्या बाईला ठाऊक नसतं की आपल्या शिरेत गेला तो फुगा होता की नुसतं सारण.

कायद्यात पारीला जागा नाही असं मुळीच नाही, आणि मला खरी चीड आहे ती यामुळे. २०१९ च्या नवीन औषध नियमांनुसार नव्या वहन पद्धतीचं कोणतंही औषध कायम ‘नवीन औषध’ मानलं जातं, त्याला केंद्राची मंजुरी लागते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो-औषधांच्या तपासणीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्पष्ट म्हटलंय की लायपोसोमल प्रकार वेगळा नमूद केला असेल तरच तो यादीत धरायचा, आणि खरेदी व किमतीसाठी तो वेगळा समजायचा. किंमत नियंत्रण आदेशात तर देशी संशोधनातून आलेल्या नव्या वहन पद्धतीला पाच वर्षांची सूट आहे. म्हणजे मंजुरी देताना, पैसे मोजताना, सूट घेताना पारी वेगळी. मग रुग्णाला सांगताना ती कुठे जाते?

काउंटरवरचा नियम मला पाठ आहे. शेड्यूल-एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या, चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं काही, अगदी तोच घटक असलेलं दुसरं औषधही, द्यायचं नाही. चांगला नियम आहे. पण चिठ्ठीतच नाव अर्धं असेल तर मी नियम पाळायचा तो कशाच्या आधाराने? त्या दिवशी माझ्यापुढे जुनं बिल होतं म्हणून निभावलं. काकू दुसऱ्याच दुकानातून पहिली वायल घेऊन गेल्या असत्या तर?

जेनेरिकच्या, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ नावाने मिळणाऱ्या स्वस्त औषधांच्या, चळवळीत काम करणारे माझे मित्र इथे अस्वस्थ होतात. त्यांना वाटतं, हा ब्रँडवाल्यांच्या बाजूने बोलतोय. मी जेनेरिकच्याच बाजूचा आहे. रोज कितीतरी लोकांना मी महाग गोळीऐवजी स्वस्त गोळीबद्दल डॉक्टरांना विचारायला लावतो. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जेनेरिक नावानेच लिहिण्याचा नियम काढला आणि त्याच महिन्यात तो स्थगितही केला. तो पुन्हा आलाच पाहिजे. पण येताना पूर्ण नाव घेऊन यावा. ‘लायपोसोमल’ हा काही ब्रँड नाही, तो जेनेरिक नावाचाच भाग आहे. चळवळीने हा शब्द आपला मानला नाही तर एखादी चूक घडेल, आणि तिचं खापर मग सगळ्याच स्वस्त औषधांवर फुटेल.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो: रुग्णाला नॅनो-बिनो सांगितलं की तो घाबरतो. मला तसा अनुभव नाही. लोक घाबरतात ते लपवलेल्या गोष्टीला. काकूंना मी करंजीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे हात सोलले ते पारीमुळे. मला वाटलं आजारच हातावर आला.” दीड महिना त्या ही भीती मनात धरून होत्या. घरात कोणालाही बोलल्या नव्हत्या.

उलट ‘नॅनो’ शब्दाचा उपयोग जिथे नको तिथे मुबलक होतो. नॅनो करक्युमिनचे थेंब, नॅनो चांदीचं पाणी, डबीवर हाताच्या बोटाएवढं मोठं अक्षर. लोक हे मागायला येतात आणि बरोबर चालू असलेली केमो थांबवण्याबद्दलही विचारतात, तेव्हा मी सगळी कामं सोडून त्यांना बसवून घेतो. खाण्याच्या पूरक पदार्थाला औषधासारखी कसोटी लागत नाही. तिथला हा शब्द विक्रीसाठी आहे. शिरेतून जाणाऱ्या औषधावर तो जिवासाठी आहे, आणि तिथे तो वाचायला मला चष्मा पुसावा लागतो.

उपाय अवघड नाहीत. युरोपच्या औषध संस्थेने जुलै २०१९ मध्येच कंपन्यांना सांगितलं की औषधाच्या नावातच ‘लायपोसोमल’ किंवा ‘पेगिलेटेड लायपोसोमल’ हे शब्द घाला, म्हणजे गफलत होणार नाही. आपल्याकडेही २०१८ पासून जेनेरिक नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापायचं बंधन आहे. प्रतिजैविकांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते. तशीच एक रंगीत पट्टी मेदकणांतल्या इंजेक्शनांना द्या. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडवर क्यूआर कोड आले आहेत. त्यांत या इंजेक्शनांची भर घाला आणि कोड उघडल्यावर गुजराती, मराठी, हिंदीत चार ओळी दिसू द्या: हे कोणत्या प्रकारचं आहे, कशात पातळ करायचं, कोणता त्रास होऊ शकतो, झाला तर दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या सरकारी हेल्पलाइनवर, १८००-१८०-३०२४ वर, कळवा आणि बॅच नंबर सांगा. लोकांच्या भाषेत कारभार आणण्यासाठी ज्या संस्थानाने १९३१ मध्ये गुजराती, मराठी, संस्कृतसह अनेक भाषांतला कारभारी शब्दांचा कोश छापला, त्या गावाला चार ओळींचं भाषांतर जड जाऊ नये. फार्मसीची मुलं आहेत, प्राध्यापक आहेत, सयाजी रुग्णालय आहे. दिल्लीच्या आदेशाची वाट न बघता इथल्या केमो वॉर्डांनी चिठ्ठीचा छापील नमुना बदलावा. औषधाच्या नावाशेजारी एक वेगळा रकाना: ‘प्रकार’. तो रिकामा असेल तर वायल फ्रिजमधून बाहेर काढायची नाही.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. अशी वायल दिली की आईसबॉक्सवर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने दोन लिप्यांत लिहितो: लायपोसोमल, डेक्स्ट्रोज, सलाईन नाही. चौथ्या सायकलला काकूंचा मुलगा आला तेव्हा त्याने वायल आधी उजेडाकडे धरली आणि विचारलं, “काका, ही धुरकटवाली ना?” मी त्याच्या हातून ती घेऊन परत लेबल त्याच्याकडे केलं. रंगावर जाऊ नकोस, म्हटलं, नाव वाच, पूर्ण. लेबलवरचा तो शब्द त्याने बोट ठेवून अक्षर-अक्षर लावत वाचला, कारण तो इंग्रजीत होता.